पोटात ठेवलेलं हाड

पंगतीत वाढायला कुणी पुढे आलं की पुंडलिकमामा पोटावर हात ठेवून बजावायचे, "बेतानं वाढ गं बाई, डोसकं हितं ठेवलंय माझं." लोक हसायचे. बोलणं मात्र खरं होतं. गुंद गावात एका घराची कौलं परतताना मामा छपरावरून पडले, मेंदूला सूज आली, आणि बेळगावच्या डॉक्टरांनी कवटीचा तळहाताएवढा तुकडा काढून त्यांच्याच पोटाच्या कातडीखाली जपून ठेवला. सूज उतरली की परत बसवायचा.

मामा आमचे शेजारी, सुतार. माझं अभ्यासाचं मेज त्यांनीच करून दिलं. फणसाच्या फळीला एक भोक होतं. तिथं त्यांनी त्याच फणसाचं ठिगळ बसवलं, रेषेला रेषा जुळवून. "दुसरं लाकूड पावसात येगळं फुगतंय," म्हणाले. "ठिगळ त्याच झाडाचं पायजे." त्या मेजावर अभ्यास करून मी आमच्या घरातली पहिली पदवीधर झाले.

तीन महिन्यांनी डॉक्टरांनी विचारलं, स्वतःचं हाड बसवायचं की धातूची जाळी? हाड आपलंच, पण काहींचं आत विरघळतं. जाळी विरघळत नाही, पण ती परकी वस्तू. शरीराला मानवली नाही तर काढावी लागते. मामांना मूलबाळ नाही. इंग्रजी कागद माझ्या हातात देत ते म्हणाले, "तू शिकल्याली हाईस. तूच सांग."

मी इतिहासात बी.ए. कागद तीनदा वाचला. शब्द कळले, काय निवडावं ते कळलं नाही. शेवटी त्यांचंच बोलणं त्यांना परत दिलं, "त्याच झाडाचं बसवू, मामा."

"व्हय, माझ्याबी मनात त्येच हुतं."

वर्षभरात हाड विरघळलं. डाव्या कानाच्या वर खड्डा पडला. जाळीसाठी पुन्हा गेलो, तर डॉक्टर म्हणाले, आता यांचं हृदय भूल सोसणार नाही. परतताना बसमध्ये मला रडू आवरेना.

"गप. सुतार मी का तू?" मामा म्हणाले.

घरी येऊन त्यांनी हलक्या शिवणीच्या लाकडाची वाटी कोरली, आतून कापूस लावला. ती खड्ड्यावर बांधून वर टोपी घालतात. गाठ मात्र त्यांना मारता येत नाही, हात डोक्यामागे नीट पोचत नाही. रोज सकाळी मी मारते. बांधताना बोटं खड्ड्याला लागतात. पातळ कातडीखाली काहीतरी ठकठक उडत असतं.

"घट बसलं न्हवं?" मामा विचारतात. "हलत न्हाई न्हवं?"

"न्हाई मामा, हलत न्हाई," मी म्हणते, आणि वाटीवरचा हात लवकर काढत नाही.