दाबलं की मरते

शांताआत्या गाडी चालवायला बसली की आत कोणी बोललेलं तिला खपत नसे. "चुप राहा, मले इंजिन ऐकू दे," म्हणायची. रेल्वेच्या कार्यालयातून ती निवृत्त झाली होती. नवरा गेल्यावर त्याची जुनी कार्बोरेटरची गाडी घेऊन ती आमच्याकडे, रायपूरजवळ सिलतऱ्याला राहायला आली.

गाडी बिघडली की ती लगेच पाना उचलत नसे. "पयले तिले विचारायचं, काहून नखरे करून राहिली?" मी बाळंतपणाला माहेरी आले तेव्हा गाडी उचल घेताना अडखळत होती. मेकॅनिकनं प्लग बदलले, तरी खोड गेली नव्हती.

अशातच एका दुपारी मला कळा सुरू झाल्या. दिवस भरायचे होते. नवरा बिलासपूरला, बाबा कारखान्यात. आत्यानं मला मागच्या सीटवर आडवं केलं आणि निघाली.

रायपूरकडे वळायला हमरस्ता ओलांडावा लागे. आत्यानं अॅक्सिलरेटर दाबला आणि गाडी रस्त्याच्या मधोमध गुदमरून बंद पडली. लोखंड भरलेला ट्रक हॉर्न देत येत होता. मी किंचाळले.

"चुप!"

तिनं चावी फिरवली. इंजिन सुरू झालं, दाबताच पुन्हा मेलं. आत्या स्वतःशीच बोलली, "उभी असली का बराबर चालते, दाबलं की मरते. पेट्रोल येते, पण दाबल्यावर जास्तीचं भेटून नाही राहिलं." हवा कमी आणि पेट्रोल जास्त जावं म्हणून तिनं चोक अर्धा ओढला, चावी फिरवली आणि पाय अगदी हळू टेकवला. गाडी खोकत पुढे सरकली. ट्रक मागून घासून गेल्यासारखा गेला. पुढे दवाखान्यापर्यंत तिनं एकदाही जोरात दाबलं नाही.

मुलगी संध्याकाळी झाली.

घरी आल्यावर आत्यानं एअर फिल्टर काढून मला कार्बोरेटरचं तोंड दाखवलं. अॅक्सिलरेटरचा लिव्हर ओढला की आत पेट्रोलची पिचकारी उडायला हवी; थेंबही आला नाही. ती पिचकारी मारणाऱ्या छोट्या पंपाचा रबरी पडदा फाटला होता. "हे पाह्य," एवढंच म्हणाली आणि नवा बसवला.

आत्या गेल्या उन्हाळ्यात गेली. तेराव्याला मी ही हकिकत सांगत होते, तिच्या हिमतीचं कौतुक करत होते.

"तुले दवाखान्यात आत नेलं, तवा मी पोचलो," बाबा म्हणाले. "आत्या गाडीतच बसून होती. हात असे कापत होते, का चावी मलेच काढावी लागली. 'पोट्टीले सांगू नको,' म्हणे."