आबा, पटका काढा

“टेक ऑफ,” सर म्हणाले आणि माझ्याकडे बघितलं.

मी आबांकडे बघितलं. आबा म्हणजे माझे वडील. पेडगावकडचे. जन्म मेंढरांमागं गेला. तेव्हा सत्तरीच्या आसपास असतील, नक्की त्यांनाही सांगता येत नाही. परभणीत, बसस्थानकामागच्या गल्लीत, दुसऱ्या मजल्यावरच्या सरांच्या इंग्रजी-स्पॅनिश क्लासात ते फळ्याशेजारी उभे होते. समोर चाळीसेक पोरंपोरी. वह्या उघड्या.

“आबा, पटका काढा,” मी म्हणालो.

आबा थांबले. त्याआधी सगळं त्यांनी पटापट केलं होतं. इथं थांबले. चारचौघांत उघडं डोकं मी त्यांचं एकदाच बघितलं होतं, आजा गेला तेव्हा. त्यांनी माझ्या तोंडाकडे बघितलं. मी परत म्हणालो, जरा हळू आवाजात, “काढा. काही होत न्हाई.”

त्यांनी काढला.

पोरं एका सुरात म्हणाली, “कितार्से.” मी फळ्याकडे वळलो आणि लिहिलं. डावीकडे इंग्रजी, उजवीकडे स्पॅनिश. माझं अक्षर चांगलं आहे. सर सगळ्यांना सांगतात तसं.

आबा क्लासात आले होते ते घोंगडी द्यायला. आपल्याच मेंढरांची लोकर, विणून आणलेली. सरांसाठी. सरांनी पोराला काम दिलं, बसायला खुर्ची दिली, म्हणून. मी त्यांना जिन्यातच थांबवलं होतं, पण सरांनी बघितलं आणि आत बोलावलं. “या, या, बाबा” म्हणाले. मायेनं म्हणाले. हे मी मुद्दाम लिहितो आहे. सरांनी आयुष्यात कुणाला शिवी दिली नसेल. वडील मुख्याध्यापक, आजोबा संस्कृतचे जाणकार, स्वतः पुण्यात शिकून आलेले. घरात बसल्या जागी तीन भाषा. तसल्या घरातल्या माणसाला शिवी द्यायची गरजच पडत नाही.

त्या दिवशी विशेषणं चालली होती. सरांनी घोंगडी पहिल्या बाकावर दिली. हात लावा, पुढं द्या. रफ. मी लिहिलं, आस्पेरो. घोंगडी बाकाबाकावरून फिरत गेली. मागच्या बाकावर एका मुलीनं नाक धरलं. सर हसून म्हणाले, त्यालाही शब्द आहे. तोही मी लिहिला.

मग क्रियापदं. इंग्रजीत क्रियापदाला अप, डाउन, ऑफ असलं शेपूट लागलं की अर्थ फिरतो, आणि स्पॅनिशमध्ये त्याला बहुतेक वेळा एकच सरळ शब्द असतो. पोरांचा तिथं लय गोंधळ होतो. सरांचं म्हणणं असं की ही क्रियापदं कुणीतरी अंगानं करून दाखवल्याशिवाय डोक्यात बसत नाहीत. एरवी एखाद्या विद्यार्थ्याला उभं करायचे. त्या दिवशी आबा समोर होते.

सिट डाउन. बसा, आबा. आबा बसले. सेन्तार्से. गेट अप. उठा, आबा. लेव्हांतार्से. टर्न अराउंड. फिरा, आबा. आबा फिरले. त्यांना वाटलं ही शाळेतली कवायत आहे. पोराच्या शाळेत आपल्यालाही घेतलं, म्हणून ते मनापासून करत होते. सर इंग्रजीत सांगायचे, मी मराठीत सांगायचो, आबा करायचे, पोरं स्पॅनिशमध्ये म्हणायची, मी लिहायचो.

पटका काढल्यावर सर म्हणाले, आता या गृहस्थांचं वर्णन करा बरं. ओल्ड. थिन. बॉल्ड. व्हिएहो, फ्लाको, काल्व्हो. मागून कुणीतरी म्हणालं, डर्टी. सर म्हणाले, गुड. सूसिओ. घाणेरडा. मी लिहिलं. पोरं हसली, तसे आबाही हसले. सरांनी मोबाइल काढला. फोटो काढायलेत म्हटल्यावर आबा ताठ उभे राहिले. उघडं डोकं. पटका छातीशी धरलेला.

लोक म्हणतील, पोटाचा सवाल होता. तसं म्हणता येईल. एम. ए. झालो, कॉलेजात तासिकेवर राबलो, तेही सुटलं, मग सरांनी हात दिला. पण पोटाचं नाव पुढं करणं खोटं होईल. मी ‘नाही’ म्हणालो असतो तर सरांनी ‘बरं’ म्हणून दुसऱ्याला उभं केलं असतं. काम गेलं नसतं. मला त्या खोलीतला व्हायचं होतं. पटक्याच्या बाजूनं उभा राहिलो असतो तर मीही पटक्यातलाच दिसलो असतो. एवढीच गोष्ट होती.

त्यांना गाडीत बसवायला गेलो. बसस्थानकावर आबांनी विचारलं, “लेकरं काय म्हणायले व्हते रे मला?”

“चांगलं म्हणायले होते.”

“म्हंजी काय, ते तरी सांग.”

मी सांगितलं. अनुभवी. काटक. साधा. कष्टाळू. फळ्यावरच्या चार शब्दांना मी चार शब्द दिले. त्या दिवशी एवढं एकच भाषांतर मी स्वतःच्या मनानं केलं.

आबांनी ते चारही शब्द दोनदा म्हणून बघितले. गाडी हलली तेव्हा खिडकीतून म्हणाले, “मास्तर दिलदार माणूस हाय. सोडू नको त्याला.”

त्यानंतर कित्येक वर्षं आबा गावात सांगत होते की परभणीला पोराच्या क्लासात परदेशी बोलीत आपली तारीफ झाली. चारही शब्द क्रमानं सांगायचे. ऐकणारे माना डोलवायचे. मी समोर असलो तर उठून बाहेर जायचो.

आणि इकडं फोटो राहिला. दर महिन्याला क्लासाचा डेमो असतो. फुकट, सगळ्यांना खुला. आवडला तर प्रवेश घ्यायचा. त्या डेमोत सर आबांचा फोटो भिंतीवरच्या पडद्यावर लावायचे. पोरं हसायची, शब्द पटकन लक्षात राहायचे. फोटो लागला की मी फळ्याशी उभा राहून तेच चार शब्द लिहायचो. सात वर्षं. बायकोला सांगितलं नाही. कुणालाच सांगितलं नाही. दुसऱ्या तिसऱ्या वर्षापासून तर फोटोकडे न बघता लिहायला शिकलो.

यंदा उन्हाळ्यात डेमोला एक मुलगी आली. डेमो सुटल्यावर सगळे गेले तरी ती बाकाशी उभी. बी. ए.ला आहे म्हणाली, पेडगावची. खाली बघत म्हणाली, “सर, ते फोटोतले आबा तुमचेच ना? आमच्या वावरात मेंढरं बसवतेत ते.”

मी मान हलवली.

तिनं वही माझ्यापुढं केली. चार शब्द लिहिलेले, पुढं मराठी अर्थ. म्हणाली, “मला हे पाठ करता येईना, सर.”

तिनं मला आणखी काही विचारलं नाही. टोचून बोलली नाही. ती जिना उतरून गेली आणि मी फळा पुसायला घेतला. सात वर्षं माझ्या हाताला हे येत होतं आणि तिला एका दिवसात येईना. परत ती क्लासात आली नाही.

पुढच्या डेमोला सरांनी फोटो लावला आणि नेहमीसारखं म्हणाले, “हं, लिही.”

मी मार्कर टेबलावर ठेवला. “मी नाही लिहिणार, सर.”

खोलीत काही झालं नाही. मला वाटलं होतं काहीतरी होईल. सरांनी पहिल्या बाकावरच्या एकाला बोलावलं, त्यानं लिहिलं. त्याचं अक्षरही बरं होतं. पोरं नेहमीच्याच जागी हसली.

नंतर सरांनी आत बोलावून चहा मागवला. म्हणाले, तू अलीकडं फार मनाला लावून घेतोस. मी म्हणालो, तो फोटो काढून टाका, ते माझे वडील आहेत.

“माहीत आहे ना मला,” सर म्हणाले. “त्यांना कधी वाईट वाटलं का?”

“त्यांना माहीतच नाही.”

“मग? ज्याला कळलंच नाही, त्याचा अपमान कसा होईल रे?”

मी कप उचलला. चहा पिऊन झाला. सर म्हणाले, चार दिवस सुट्टी घे, डोकं शांत झालं की ये, क्लासाची किल्ली राहू दे तुझ्याकडेच.

जिना उतरताना कळलं की सर जिच्यावर उभे आहेत ती फळी मीच टाकलेली आहे. आबांना कळलं नाही, कारण मी कळू दिलं नाही. बसस्थानकावर मी जे खोटं बोललो, त्याच्याच जोरावर फोटो सात वर्षं भिंतीवर टिकला. सरांना मी काय जाब विचारणार होतो?

दुसऱ्या दिवशी गावाला गेलो. आबा ओढ्याच्या कडेला बाभळीखाली होते. मेंढरं आता थोडीच राहिलीत, पण चारायला नेतात. मी शेजारी बसलो आणि सांगितलं. एकेक शब्द घेऊन सांगितला. व्हिएहो म्हणजे अनुभवी नाही, आबा, म्हातारा. फ्लाको म्हणजे हाडकुळा. काल्व्हो म्हणजे टकला. चौथाही सांगितला, घाणेरडा. फोटोचंही सांगितलं.

आबांनी मधे एकदाही अडवलं नाही. सगळं झाल्यावर त्यांचा हात डोक्याकडे गेला. पटका होता. हात खाली आला.

मग विचारलं, “पटका काढा म्हणलेलं. ते कोण म्हणलं व्हतं?”

“सर म्हणाले.”

“मास्तर कोणत्या बोलीत म्हणला?”

“इंग्रजीत.”

“मला कुठं येतीय ती?”

आबांनी मेंढरांकडे एकदा बघून घेतलं.

“मास्तरचं मला काय कळत व्हतं,” आबा म्हणाले. “मी तुजं ऐकलं. तू म्हणलास म्हणून काढला.”

आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं. एक मेंढी ज्वारीच्या धाटांकडे वळली तशी त्यांनी नेहमीची हाक दिली, उठले, गेले. मी तिथंच बसून राहिलो. परत आले तेव्हा ऊन कललं होतं. मी म्हणालो, निघतो. पाया पडायला वाकलो तर ते मागं सरले नाहीत. डोक्यावर हातही ठेवला नाही.

“या तुमी,” म्हणाले.

जन्मापासून आबा मला ‘तू’ म्हणत आले. शिकलो तरी तू, लग्न झालं तरी तू. सरांना ते ‘तुमी’ म्हणाले होते. साहेब लोकांना म्हणतात. त्या दिवसापासून मलाही म्हणतात. फोनवरसुद्धा. जेवले का तुमी. येताल का तुमी पोळ्याला. काही तोडून बोलत नाहीत. विचारपूस करतात. परक्या माणसाची करावी तशी.

हे भरून येणार नाही, मला ठाऊक आहे. माफी मागायला मी तीनदा तोंड उघडलं. तिन्ही वेळा ते मेंढरांचं बोलले.

किल्ली मी सरांच्या टेबलावर ठेवून आलो. सर म्हणाले, तुझी मर्जी. माझ्या जागी दुसरा आला आहे, तोही खेड्यातलाच आहे, तोही चांगला आहे. फोटो अजून लागतो. त्या दुसऱ्याला मी गाठून सांगितलं, तर तो म्हणाला, मला नका यात ओढू. मी परत फिरलो. मीही हेच म्हणालो असतो.

येत्या रविवारी डेमो आहे. सगळ्यांना खुला. मी बाकावर जाऊन बसणार आहे. फोटो पडद्यावर आला की उभा राहणार आहे, कुणी ‘गेट अप’ म्हणायची वाट बघणार नाही. हा माणूस माझा बाप आहे. त्याचा पटका मी काढायला लावला. हे शब्द माझ्या हातचे आहेत. एवढंच बोलणार आहे, आणि मराठीत बोलणार आहे. सर हसतील, नाहीतर बाहेर काढतील. फोटो लगेच उतरणार नाही. आबांच्या तोंडून ‘तू’ परत येणार नाही.

पुढच्या महिन्यात परत डेमो असेल. तेव्हाही जाणार.