साक्ष देऊन खाली बसले आणि छातीत दुखलं

"काकू, तुमच्या रक्तवाहिन्या एकदम स्वच्छ आहेत," अँजिओग्राफी झाल्यावर डॉक्टर म्हणाले. मनगटातून बारीक नळी घालून हृदयाच्या रक्तवाहिन्यांचं चित्र काढतात, ती अँजिओग्राफी. मला वाटलं, सुटले बाई. पण त्यांचं बोलणं संपलं नव्हतं.

माझ्या आजाराचं नाव त्यांनी टाकोत्सुबो कार्डिओमायोपॅथी असं सांगितलं. नाव ऐकूनच अर्धा जीव गेला. मग त्यांनी कागदावर चित्र काढून समजावलं. हृदयाचा डावा कप्पा खालून गाडग्यासारखा फुगतो आणि नीट आवळत नाही, म्हणून हार्ट अटॅकसारखंच दुखतं. मोठा धक्का बसला, मोठं दुःख झालं की असं होतं, आणि आमच्या वयाच्या बायकांना जास्त होतं.

"अलीकडे काही मोठं दुःख झालंय का?" त्यांनी विचारलं.

मी म्हणाले, "नाही. मी समाधानी आहे."

शेजारी माझा मुलगा अमोल उभा होता. त्याने मान खाली घातली आणि डॉक्टरांना सांगितलं, महिन्यापूर्वी पप्पा गेले.

खरं तेच होतं. हे नागापूरला एमआयडीसीत फिटर होते. त्या दिवशी ड्युटीवरून आले, हातपाय धुतले, चहा टाक म्हणाले. मी चहा गाळून बाहेर आणला, तर खुर्चीत मान टाकलेली. चहासुद्धा प्याले नाहीत हो.

आम्ही घोडेगावची ख्रिस्ती माणसं. आमच्यात मरणाला शेवट म्हणत नाहीत, प्रभूकडे गेले म्हणतात. मातीच्या वेळी माझ्या मोठ्या नणंदेने, वन्संनी, माझा दंड धरला आणि कानात सांगितलं, "सलोमे, रडायचं न्हाई. आपुन आशा असलेली मानसं." त्यांना तो अधिकार होता. त्यांचा तरुण मुलगा कॅनॉलमध्ये बुडाला, तेव्हा त्यांनी डोळ्यांतून टिपूस काढलं नव्हतं. चर्चची सगळी मंडळी अजून त्यांचं उदाहरण देते.

मग मीही नाही रडले. चहा मात्र टाकता येईना. दूध वर यायला लागलं की मी गॅस बंद करून बाहेर यायची. मग अमोल चहा करायचा.

यांच्या स्मरणाची उपासना ठेवली होती. आमच्याकडे गीत झालं की ज्याला वाटेल तो उभा राहून साक्ष देतो, म्हणजे प्रभूने आपल्यासाठी काय केलं ते सगळ्यांसमोर सांगतो. सगळे माझ्याकडेच बघत होते. मी उठले, हसले आणि म्हणाले, प्रभूने मला पूर्ण शांती दिली आहे. सगळे आमेन म्हणाले. मी खाली बसले आणि छातीवर कोणी पाटा ठेवावा तसं झालं.

मला वाटलं पित्त झालं. वन्सं डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करायला लागल्या. अमोलने ती पुरी होऊ दिली नाही, गाडी काढली आणि सरळ नगर गाठलं. (आता अहिल्यानगर म्हणायचं, पण तोंडात नगरच येतं.) तुमच्यापैकी कोणाला असं झालं तर एवढं करा बायांनो, प्रार्थना गाडीत करा.

आयसीयूत दिवस सरत नाही. ईसीजी, सारखं रक्त काढणं, छातीवर चिकटवलेल्या वायरी. बाहेर नातेवाईक वाट बघून थकतात आणि आत आपण नुसतं पडून थकतो. मला प्रार्थना सुचत नव्हती. देवाचा राग आला होता, आणि त्या रागाची भीती वाटत होती. शांतीची साक्ष देऊन मी प्रभूसमोर खोटं बोलले होते, आता कोणत्या तोंडाने त्याच्याकडे जाऊ, हेच डोक्यात घोळायचं.

आमच्या चर्चचे पाळकसाहेब भेटायला आले. "सलाम, सलोमीबाई," म्हणून स्टुलावर बसले. मीच म्हणाले, माझी साक्ष खोटी होती.

ते म्हणाले, "प्रभू मित्राच्या कबरीपाशी गेला, तेव्हा त्याला ठाऊक होतं की आपण याला आता जिवंत उठवणार आहोत. तरी तो आधी रडला. तुम्ही काय त्याच्यापेक्षा मोठ्या लागून गेलात?"

मग मी रडले. अशी रडले की मशीन वाजायला लागलं, सिस्टर धावत आली आणि तिने पाळकांनाच बाहेर काढलं. जाताना बिचारे चप्पल उलटी घालून गेले.

त्या रडण्याने हृदय बरं झालं असं मी म्हणणार नाही. गोळ्या होत्या, आराम होता, वेळ होता. घरी आल्यावर उंबरा ओलांडला तरी धाप लागायची. प्रार्थना झालीय, आता गोळ्या कशाला, असं वन्संनी सुचवून पाहिलं. मी म्हणाले, गोळ्याही त्यानेच दिल्यात. मी रोज गोळी घ्यायची आणि रोज रडायची. प्रार्थनेत आता फक्त भांडण असायचं, पण भांडायला तरी मी त्याच्याकडेच जात होते.

पुढे पुन्हा टूडी एको केला, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी. डॉक्टर म्हणाले, हृदय मूळ आकारावर आलंय. मी मात्र थकलेलीच होते.

त्यानंतरच्या रविवारी उपासनेला गेले. साक्षीची वेळ आली. उठावंसं वाटत नव्हतं, पण जे इथे बोलले ते इथेच निस्तरायचं होतं.

मी म्हणाले, "मागे मी शांती मिळाली म्हणाले होते. ती अजून मिळालेली नाही. मला हे रोज हवे असतात. प्रभू माझ्याजवळ बसून आहे, एवढं खरं आहे. तेवढ्यावर माझं चाललंय."

कोणी आमेन म्हणालं नाही. मी खाली बसले. छाती दुखते का म्हणून वाट पाहिली. नाही दुखली.

शेजारी वन्सं होत्या. समोर बघत त्यांनी माझा हात धरला.

"माजा दीपक लई ग्वाड बोलायचा गं," त्या म्हणाल्या.

तो गेल्यापासून त्याचं नाव त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकलं. पुढचं गीत सुरू झालं, सगळे उभे राहिले. आम्ही दोघी बसूनच राहिलो, माझ्या पदराने त्या डोळे पुसत होत्या. वन्संना घरी आणून मी दोघींपुरता चहा टाकला.