दार लावलं, तेव्हा श्वास आला

अण्णा, म्हणजे माझे वडील, गेल्यापासून माझं औंढ्याला जाणं सुटलं होतं. दर सोमवारी नागनाथाच्या पायरीवर बसणाऱ्या माणसाला देवाने दम्याशिवाय काय दिलं, हा माझा रुसवा होता. तोच दमा पुढे मलाही आला. आभाळ गडगडलं की अण्णा बाजेवर उठून बसायचे आणि श्वास सोडताना सावकाश ‘नागनाथा’ म्हणायचे. लहानपणी मी धापा टाकू लागले की पाठीवरून हात फिरवत सांगायचे, “बाई, तू निस्ता सोड. आत घ्यायचं त्यो पाहून घेईल.” शिजवलेल्या हळदीचा वास असलेला तो हात अजूनही पाठीवर जाणवतो.

यंदा चैत्रात आमच्या गावी, कुरुंद्याला, भरदुपारी वादळ उठलं. अंगणात हळद वाळत होती, ताडपत्री ओढायला मी धावले. पावसाआधीचं गार, धुळीचं वारं नाकातोंडात गेलं आणि छातीच बंद झाली. दम्याच्या औषधाचा पंप झटकून पाहिला तर रिकामा. आमच्याकडे दम लागला की माणसाला मोकळ्या हवेत बसवतात. ह्यांनी मायेने ओसरीवर बाज टाकली आणि मला वाऱ्याकडे तोंड करून बसवलं. मी जास्तच गुदमरले. आता आपलं संपलं, असं वाटलं.

तेवढ्यात पाऊस आला म्हणून एक अनोळखी बाई स्कूटी लावून आमच्या पत्र्याखाली थांबली. मला पाहून ती ओसरीवर चढली. “दादा, यांना घरात घ्या, दारं-खिडक्या लावा. ही हवाच बाधून राहिली. मलाबी दमा हाय.” तिने पर्समधून पंप काढला, माझ्याच औषधाचा. ह्यांनी दार लावलं. मी औषध ओढलं, आणि श्वास सोडताना कितीतरी वर्षांनी ते नाव आपोआप ओठांवर आलं.

पाऊस थांबल्यावर वसमतच्या दवाखान्यात गेलो, तर तिथे धापा टाकणाऱ्यांची रांग. काहींना आधी कधी दमाच नव्हता. डॉक्टर म्हणाले, वादळाच्या ओलीने परागकण फुटतात आणि त्यांचा बारीक चुरा वाऱ्याबरोबर छातीत उतरतो. मला ते पटलं. पण नेमकी तीच बाई आमच्याच पत्र्याखाली का थांबावी, हे मी त्यांना विचारलं नाही. तिचं नाव विचारायचंही राहून गेलं.

पुढच्या सोमवारी औंढ्याला अण्णांच्या पायरीवर जाऊन बसले आणि पोटभर रडले. आता आभाळ गडगडलं की हळद झाकायचं काम हे पाहतात. मी दार लावते, भरलेला पंप हाताशी ठेवते आणि एकेक श्वास निस्ता सोडत राहते. आत घ्यायचं तो पाहतो.