साडभाऊंची उंच जीप

जगात पूर्ण सरळ अशी एकही गोष्ट नाही, असं मनापासून मानणारा आणि तरीही कधी निराश न झालेला माणूस मी एकच पाहिला आहे. तो म्हणजे माझे साडभाऊ, माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. लाखनीला राहतात. पाटबंधारे खात्यात कारकून होते. निवृत्त झाल्यावर लोक योगासनं करतात, नातवंडं सांभाळतात. साडभाऊ जुन्या जीपखाली शिरले आणि जवळजवळ तिथंच राहायला गेले. त्यांच्या अंगणात पाऊल टाकलं की आधी दोन तळपाय दिसतात, मग जमिनीतून आल्यासारखा आवाज येतो, "या साडभाऊ, बसा!" कुठं बसायचं ते सांगायला उरलेले साडभाऊ बऱ्याच वेळानं बाहेर येतात, आणि आले की आपल्या तोंडाऐवजी आपल्या गाडीच्या पुढच्या चाकांकडे बघतात.

चाक नेमकं कुठल्या कोनात उभं आहे, हा त्यांच्या जगण्याचा मुख्य प्रश्न. एका लग्नात नवरदेवाची फुलांनी मढवलेली गाडी आली, बँड वाजत होता, आणि हे गृहस्थ नव्या सफारी सुटासकट रस्त्यावर पालथे पडून चाकांकडे पाहू लागले. वरमाईला वाटलं, पाहुण्यांना चक्कर आली. ती पाणी घेऊन धावली. हे उठले, पाणी प्याले आणि नवरदेवाच्या कानात म्हणाले, "डावं चाक बाहेर फाकून राहिलं बाप्पा. आज हळू जाजो." माझी मुलगी पहिल्यांदा चालली तेव्हा आम्ही सगळे टाळ्या पिटत होतो. हे मात्र गुडघ्यावर बसून तिची पावलं न्याहाळत होते. "बोटं जरा आत वळून राहिली," ते गंभीरपणे म्हणाले, "पण येईल ठिकाणावर. नवीन माल आहे."

जीप त्यांनी हौसेसाठी घेतली नव्हती. आमची ताई, म्हणजे त्यांची बायको, आरोग्य खात्यात नर्स. तिच्याकडे जंगलाच्या कडेचं एक गाव होतं, आणि त्या गावाचा रस्ता नुसता नावाचा. दगड, चिखल, मध्येच नाला. तिथं स्कूटीवरून ती एकदा चांगली आपटली. हाताला प्लास्टर घालून घरी आली, त्याच आठवड्यात साडभाऊंनी जीप दारात उभी केली. पण जीपचं पोट दगडांना घासायचं, म्हणून मिस्त्रीकडून स्प्रिंगचे लांब पाटे टाकून, मोठी चाकं लावून त्यांनी ती चांगली वीतभर उंच केली. ताई पहिल्यांदा तिच्यात बसली ती जवळच्या शहापूरला एका बारशाला जायला. हायवेवर एक खड्डा लागला आणि जीपचं तोंड आपोआप शेजारच्या ट्रककडे वळलं. साडभाऊंनी ते ओढून परत आणलं, तर पुढची चाकं अशी थरथरली की ताईच्या मांडीवरचं झबलं-टोपडं खाली पडलं. गाडी बाजूला थांबली. ताई उतरली, झबलं झटकलं आणि म्हणाली, "स्कूटीवरून पडली तवा मी एकलीच पडली, इथं दोघंबी गेलो असतो. हे सरळ चालन तवा मले सांगा." आणि समोरून आलेल्या एसटीला तिनं हात केला.

त्या दिवसापासून साडभाऊंना दुसरं काही सुचेना. जीप वर उचलली, पण चाकं होती तिथंच राहिली, त्यामुळे स्टिअरिंगपासून चाकाकडे जाणारी सळी तिरपी झाली. खड्ड्यात चाक वर उडालं की तीच सळी चाकाला ढकलते, हे त्यांनी मला पंगतीत पानावरच्या शेवग्याच्या दोन शेंगांनी दाखवलं. "आता मले सांगा, सायकल हात सोडून चालवली का नाही तुमी? काहून पडत नाही? पुढचा चिमटा मांगं कललेला असते म्हणून! माह्या जीपचा तो कलच गेला." मग तो कल परत यावा म्हणून पाट्यांखाली पोलादी पाचरा बसल्या. सळी पुन्हा आडवी यावी म्हणून स्टिअरिंगची भुजा बदलली. रोज सकाळी मैदानात ते मागं पाण्याचं गळकं डबडं टांगून जीप चालवत आणि मग धुळीतली ओली रेघ एक डोळा मिटून बघत. रेघ वाकडी निघाली की आनंदानं म्हणत, "सापडलं!" त्यांच्या डोळ्यांसमोर वाकडेपणा हा नेहमी काहीतरी शिकवायलाच आलेला असे.

एकदा मी लाखनीला मुक्कामाला होतो, त्या दिवशी लसीकरण होतं. आठवडाभर पाऊस झोडपून गेला होता. ताईला न्यायला येणारी खात्याची गाडी रस्त्याचं नाव ऐकूनच फिरकली नाही. गावातून फोन येत होते. बाया कडेवर लेकरं घेऊन सकाळपासून बसल्या होत्या, काही तर धानाचं रोवणं सोडून. ताई लसींचा थंड डबा घेऊन अंगणात उभी. साडभाऊ जीपचं दार उघडून बाजूला झाले. ताईनं एकदा जीपकडे पाहिलं, एकदा डब्याकडे.

"जवाई, तुमीबी चाला," ती मला म्हणाली. "पलटली तर उचलाले कोणी पायजे."

नाल्यापर्यंत तिनं डबा पोटाशी घट्ट धरला होता. नाल्यात पुढचं चाक दगडावरून धाडकन खाली आदळलं. मी डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा जीप समोरच बघत होती, शिकवलेल्या बैलासारखी. पलीकडच्या सपाटीवर साडभाऊंनी दोन्ही हात स्टिअरिंगवरून उचलून हवेत धरले.

"हात ठेवा पयले!" ताई ओरडली.

हात ठेवले. पण जीप तोवर सरळच गेली होती, आणि ते तिनंही पाहिलं होतं. एकाही लेकराला परत जावं लागलं नाही. येताना मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं, तर साडभाऊंनी ओठांवर बोट ठेवलं. रिकामा डबा मांडीवर ठेवून ताई गाढ झोपली होती. आयुष्यात कुणाला प्रशस्तिपत्र मिळाल्यावर इतकं जपून गाडी चालवताना मी पाहिलेला नाही.

परवा पुन्हा गेलो होतो. त्या गावाला आता पक्का रस्ता झाला आहे. साडभाऊ मुद्दाम दाखवायला घेऊन गेले. शाळेच्या पोरी सायकलवरून गप्पा मारत चालल्या होत्या. ताई पुढच्या सीटवरून दाराला दोन्ही हातांनी धरून, गुडघा सांभाळत उतरली, आणि ओळखीच्या बायांकडे गेली. साडभाऊ तिच्याकडे बघत राहिले.

"आता या जीपचं काय करणार?" मी विचारलं.

"खाली उतरवतो," ते म्हणाले. "इतकी उंच कायले? तुमच्या ताईले चढा-उतराले तरास होते आता."

"म्हणजे ते सगळे कोन पुन्हा?"

"पुन्हा पयल्यापासून!" त्यांचा चेहरा उजळला. मग त्यांनी बॉनेटवर हात ठेवला आणि जरा वेळ तसाच राहू दिला. धानाच्या बांध्यांमधून रस्ता लांबवर गेला होता, आणि त्यावरून ताई हळूहळू आमच्याकडे येत होती.