पाण्याच्या पाळीचं घड्याळ

मोर्शीहून कार्ड आलं ते कोपरा फाडलेलं, म्हणजे मरणाची खबर. मी अकोल्याच्या शाळेत शिकवते. तिथल्या पायरीवरच पहिली ओळ वाचली, आत्या गेली... पुढचं वाचायची गरजच उरली नाही.

आत्याला अक्षर येत नव्हतं, पण जुन्या घड्याळांची तिच्यासारखी पारख मी वऱ्हाडात दुसऱ्या कोणाची पाहिली नाही. विधवा झाल्यावर तिच्या वाट्याला वांग्याची एक पट्टी आली, आणि दिरांसोबतच्या विहिरीवर पाण्याची पाळी. पाळी मोजायची ती सावलीवर. ढग आले की नेमकी तिचीच पाळी आखूड व्हायची आणि वांगी सुकायची. म्हणून तिने घड्याळ आणायचं ठरवलं.

मी तेव्हा अमरावतीला कॉलेजात होते, आमच्या खानदानातली पहिलीच. कॅम्पात, नागपूरला बदली झालेल्या एका गोऱ्या साहेबाच्या सामानाचा लिलाव होता. मला सोबत घेऊन, रिकामी टोपली डोक्यावर ठेवून आत्या तिथे पोचली. पुकारणारा हसला, "बाई, भाजीबाजार तिकडं हाय!"

"तिथूनच येऊन राहिली. तुही घडी दाखव."

शेठ लोक सोनेरी झाकणाच्या घड्याळावर तुटून पडले होते. मीही म्हटलं, तेच घे. त्यावरचं इंग्रजी नाव मी वाचलं होतं ना! आत्याने किल्ली देऊन दोन घड्याळं कानाला लावली आणि चरे पडलेलं, साध्या निकेलचं उचललं. "ते सोन्याचं लंगडते. नाव वाचून पाणी मोजाचं हाय का, पोरी?"

घरी मोठ्या दिरांनी अंगण डोक्यावर घेतलं. "कपाळ पांढरं अन् कमरेले घडी?"

"भाऊजी, ढगातबी तुमाले सावली दिसते, मले नाही दिसत. म्हनून आणली."

सगळे हसले, मोठे दीर सोडून. चार दिवस उन्हात त्यांनी घड्याळ सावलीशी पडताळून पाहिलं. फरक निघाला नाही. मग सगळ्यांच्याच पाळ्या त्या घड्याळावर चालू लागल्या, आणि आत्याला नादच लागला. अकोल्याच्या जुन्या बाजारात मोडीच्या ढिगातून ती असं घड्याळ काढायची, की घड्याळजी भिंग बाजूला ठेवून तिच्याकडेच पाहायचा...

तेरवीला मी मोर्शीला गेले. विहिरीवर मोट चालू होती. मोठे दीर ते निकेलचं घड्याळ डोळ्यांजवळ धरून उभे होते. आत्याची पट्टी आता कोणाची, हे अजून ठरलंच नव्हतं.

"माही सरली," ते म्हणाले. "आता तिची."

आणि स्वतः फावडं घेऊन त्यांनी पाणी वांग्यांकडे वळवलं. त्यांच्या मिरचीचे दोन वाफे अजून कोरडेच होते.