गाल ढिला सोडा

गाव सोडून मी जालन्यात कापसाच्या गिरणीत लागलो, तेव्हा असा धावायचो की माझी सावली मागून हाका मारायची. एका सकाळी मात्र बाजारातल्या एका न्हाव्याच्या हाती सापडलो. तो इतका सावकाश, की एक गाल गुळगुळीत होईस्तोवर दुसऱ्यावर मूठभर दाढी वाढावी!

अर्धी दाढी झाली आणि गिरणीचा भोंगा वाजला. उशीर झाला तर मुकादम हाकलणार.

“उरक की जल्दी!” मी ओरडलो.

त्यानं वस्तरा मिटला आणि ओला तळवा माझ्या गालावर ठेवला. “आवळलेले दात सोडा, भाऊ. भोंगा गिरणीचा हाय, गाल तुमचा हाय. ढिला झाल्याबिगर मी वस्तरा लावत न्हाई.”

आणि बसला की तसाच! हळूहळू माझा जबडा सुटला, मग खांदे, मग श्वास.

दाढी पुरी करून गिरणीत पोचलो, तर मुकादम असा गरजला की शहागडला गोदावरी दचकली असेल; पण कामावर ठेवलं. त्या न्हाव्याचं नाव विचारायचं राहिलंच, देव त्याचं भलं करो. त्या संध्याकाळी मी पहिल्यांदाच चालत घरी निघालो. वर्षभर माझ्या शेजारून धावणाऱ्या गड्याला रामराम घातला, तर तो थांबला, आणि माझ्या मामाच्या गावचा, कुंभार पिंपळगावचा निघाला! बोलता बोलता दोघांचीही घरं मागं राहिली.